पाण्याची पिशवी

डॉक्टर मीनाक्षींनी फोनमधला फोटो खाटेपाशी आणला आणि यमुनेनं चष्म्यासाठी हात लांब करायच्या आधीच तो ओळखला.

“ही पान्याची पिशवी हाय,” ती म्हणाली. “मेंढराच्या काळजात निघती.”

सून नेत्रानं ते हिंदीत सांगितलं. चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी यमुनेच्या यकृतातून ही नारळाएवढी गाठ काढली होती. आत पाणी, आणि पाण्यात द्राक्षांएवढ्या लहान पिशव्या. असा पेशंट लखनौत वर्षातून एखादाच येतो, म्हणून वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांनी यमुनेला जणू पाहुणीच करून टाकलं होतं. जो तो येऊन ‘अम्मा, कैसी हैं?’ विचारून जाई. परक्या मुलखात माणसं एवढी चांगली कशी, याचं तिला दिवसातून दहादा नवल वाटे.

“भेड़ में निकलती थी, तो उसका करती क्या थीं?” डॉक्टरांनी विचारलं.

“करायचं काय? कुत्र्याला टाकायचो. राखनीचं कुत्रं, त्यालाबी काय पायजे का न्हाई?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि त्या स्टूल ओढून बसल्या. त्या पिशवीत पट्टकृमीची पिल्लं असतात, त्या समजावू लागल्या. कुत्र्यानं ती खाल्ली की त्याच्या आतड्यात जंत वाढतात. अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, अंगावरच्या केसांना चिकटतात. ते गवत मेंढरू खातं, आणि कुत्र्याला कुरवाळलेल्या हातानं भाकरी खाल्ली की माणूसही सापडतो. पिशवी दहा-पंधरा वर्षं गुपचूप वाढत राहते. नेत्रा एकेक वाक्य मराठीत आणत होती.

“आन पोटातच फुटली तर?”

“इसीलिए तो इतना सँभालकर निकाली. फट जाती तो पूरे बदन पर चकत्ते, साँस बंद. कभी-कभी आधा घंटा भी नहीं मिलता.”

“अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो...” नेत्रा बोलता बोलता थांबली आणि सासूकडे पाहू लागली.

यमुनेचे यजमान बाबुराव अकरा वर्षांपूर्वी असेच गेले होते. माण तालुक्यात एका रानात मेंढरं बसवली होती. पहाटे एका एडक्यानं त्यांना पोटात ढुशी दिली. ते हसत उठले, यमुनेनं केलेला चहा प्याले, आणि घटकाभरात अंगभर गांधी उठून, गळा धरून गेले. ढुशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. चहा राहिला. धाकटा दीर बबन चार माणसांत म्हणाला, वैनीनं चहात काहीतरी घातलं. तेवढं एक वाक्य पुरलं. भावकीत तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेईना. शेवटी एअर फोर्सातल्या मुलानं, अनुपनं, तिला आपल्याजवळ नेलं, आणि त्याच्या बदलीबरोबर ती लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या क्वार्टरमध्ये आली. यमुनेनं कुणाशी वाद घातला नाही, कारण तिचीच खात्री नव्हती. पहाटेच्या अंधारात डब्यातून भलतंच काही हाती आलं असेल का, गोचिडांचं औषध जवळच ठेवलेलं असायचं, या विचारानं तिनं अकरा वर्षं स्वतःला खाल्लं होतं.

नेत्रानं डॉक्टरांना हे सगळं थोडक्यात सांगितलं. ढुशी पोटातच लागली होती ना, हे डॉक्टरांनी पुन्हा विचारून घेतलं.

“पक्का नहीं कह सकती, अम्मा. पर हो सकता है. बहुत हो सकता है.”

यमुनेनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. “बरं झालं गं बाई, ह्ये मलाच झालं,” ती म्हणाली, आणि रडली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं नेत्राला बबनचा नंबर लावायला सांगितलं.

“ऐकवाच आता त्यांना, आई. अच्छे से.”

पण यमुनेनं ऐकवलं भलतंच.

“भावजी, मी यमुना. तुमची नातवंडं कुत्र्यापाशी खेळत्यात न्हवं? मेंढरातली पिशवी त्याला घालू नका. पुरा, न्हाईतर जाळा. आन पोरांची पोटं दाखवून आना.”

“का?” अकरा वर्षांनी ऐकलेला बबनचा आवाज म्हातारा झाला होता.

“माझ्या पोटातनं काढली तसली. डॉक्टरीन म्हनली, फुटली असती तर अंगावर गांधी उठल्या असत्या. श्वास कोंडला असता.”

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. भावाचं डोकं त्या दिवशी बबनच्याच मांडीवर होतं.

“वैनी,” तो म्हणाला.

“बोला.”

“त्यो चहा म्याबी प्यालो हुतो. तुमी पान्याला गेल्यावर, किटलीत उरल्याला. कुनाला बोललो न्हाई.”

नेत्रानं खुर्ची पुढे सरकवली, पण यमुना उभीच राहिली.

“बरं केलंत, सांगितलंत,” ती म्हणाली. “आता पोरांना घेऊन साताऱ्याला दवाखान्यात निघा.”