इसार

रामरावांनी शोरूमच्या दाराशी चपला काढल्या, आत येऊन पांढऱ्या व्हॅनभोवती एक फेरी मारली आणि बोनेटवर दोन थापा दिल्या. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. जनावर असो की गाडी, थाप मारल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

"बाबा, हात नका लावू. त्या गाडीची आज डिलिव्हरी हाये," सेल्समन आर्यन म्हणाला.

"म्हाईत हाये की. आमालाच देऊन राह्यले ना?"

आर्यननं रामरावांच्या सुनेकडे, शिवकन्याकडे, पाहिलं आणि मग उगाचच गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

शिवकन्यानं पिशवी खाली ठेवली. पिशवीत नारळ, हळद-कुंकू आणि चार लिंबं होती, दुपारी बसमधून उतरल्यावर मस्तगडच्या बाजारातून घेतलेली. तिनं मोबाइल काढला. आठवड्यापूर्वी आर्यननंच संदेश पाठवला होता : अभिनंदन, तुमची गाडी आली आहे, चासी नंबरचे शेवटचे आकडे ४४७१. गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवला होता. त्यावर ४४७१ होतं. खाली तिचं नाव होतं आणि त्या नावावर पेनानं आडवी रेघ ओढून वर लिहिलं होतं : भारतशेठ, अंकुशनगर.

"हे काय हाये, दादा?"

"ताई, तुमी साहेबांशी बोला," आर्यन म्हणाला.

साहेब म्हणजे मॅनेजर, कल्याणसाहेब. माणूस वाईट नव्हता, आणि खरा त्रास तिथंच होता. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि पावती उलटी करून तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं दाखवली. डिलिव्हरीच्या दिवशी जो भाव असेल तो लागू.

"ताई, तुम्ही बुकिंग केलं दसऱ्याला. तेव्हापासून दोनदा भाव वाढला. कंपनीकडून गाड्याच येत नाहीत. चिपा मिळत नाहीत त्यांना."

"पोरं खाऊन राह्यलीत त्या?" रामरावांनी विचारलं.

"नाही हो बाबा. त्या वेगळ्या. गाडीत बसवायच्या असतात."

"मंग भारतशेठच्या गाडीत कशा बसल्या?"

कल्याणसाहेब चहात साखर नसतानाही ढवळत राहिले. भारतशेठ ऊसतोडीचे मुकादम होते. त्यांनी नवा भाव मान्य केला होता, विमा इथूनच घेतला होता, सीट कव्हरपासून मागच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळं सामान वरून घेतलं होतं. असं गिऱ्हाईक कोण सोडतं?

"तुम्हाला पुढच्या लॉटमध्ये देतो. दोन-अडीच महिने. नाहीतर बुकिंगचे पैसे आत्ता परत. फक्त इथं सही करा."

शिवकन्यानं फॉर्मकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला. दोन-अडीच महिने म्हणजे ऑगस्टचा शेवट. घनसावंगीचं कॉलेज येत्या सोमवारी सुरू होत होतं. कुंभार पिंपळगावातल्या अकरा मुली ती चार वर्षांपासून जुन्या जीपमधून नेत-आणत होती. कॉलेजच्या वेळेला एसटी नव्हती आणि जीपला यंदा आरटीओनं पासिंग नाकारलं होतं. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं ते जुन्या भावावर. त्यापुढं एक रुपया मिळणार नव्हता. अकरातल्या अक्षताचे वडील परवाच दारात येऊन सांगून गेले होते, गाडी असंल तर कालेज, नसंल तर घरी बसंल. ते ज्या सहजतेनं बोलले त्याचाच शिवकन्याला जास्त राग आला होता.

"साहेब, तुमी इसार घेतला का न्हाई?" रामराव म्हणाले.

"इसार नाही बाबा, बुकिंग अमाउंट."

"सौदा पक्का म्हणून आगाऊ घेतले ना? त्यालाच इसार म्हणत्यात. आमच्या बाजारात इसार घेतला की जनावराच्या पाठीवर गुलाल टाकायचा. मंग दुसऱ्यानं दुप्पट देऊ केले तरी मालक न्हाई म्हणायचा. गुलाल पुसलेला म्या एकबी बैल न्हाई पाह्यला."

"बाबा, हे शोरूम आहे."

"बराबर हाये. तिथं फरशी नव्हती."

कल्याणसाहेबांचा फोन वाजला आणि ते बोलत केबिनमध्ये गेले. फॉर्म टेबलावर राहिला.

"सही करू नको," रामराव म्हणाले. "तू सही केली की इसार आपण मोडला."

"मी कशाला करते, मामा?"

ती उठली. तिला संताप आला होता, पण संतापानं तिचा आवाज चढत नसे. हात मात्र चालू लागत. बाहेर व्हॅन सजून उभी होती. चारच्या मुहूर्तासाठी झेंडूचा हार आधीच घातलेला होता. शिवकन्यानं काचेवरचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग पिशवी उघडली, वाटीत कुंकू कालवलं आणि बोनेटवर सावकाश, एकसारख्या रेघांचं स्वस्तिक काढलं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली.

आता, या शोरूमची एक रीत होती. गाडी देताना औक्षण करायचं, गिऱ्हाइकाच्या हातात पुठ्ठ्याची दीड हात लांब किल्ली द्यायची, फोटो काढायचा आणि घंटा वाजवायची. घंटा वाजली की जो असेल तिथून टाळ्या. हे काम रिसेप्शनवरच्या आकांक्षाचं. आकांक्षानं मान वर केली तर हार घातलेली गाडी, तिच्यासमोर हातात नारळ घेतलेली बाई, बाजूला उपरणंवाले बाबा. मुहूर्त जवळ आलेला. तिनं घाईघाईनं ताट उचललं.

"थांबा मॅडम, मी येते. निरांजन लावू द्या."

शिवकन्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"लाव, बाई," ती म्हणाली.

आकांक्षानं ओवाळलं. शिवकन्यानं हळदीचे दोन पंजे दारावर उमटवले आणि नारळ फोडला. एका फटक्यात दोन सारखी शकलं झाली. किल्ली हातात आली, फोटो निघाला, घंटा घणघणली. सर्व्हिसवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, हिशेबनिसांनी वाजवल्या, आणि केबिनमध्ये फोन खांद्याला दाबून कल्याणसाहेबांनीही सवयीनं दोन टाळ्या वाजवल्या. आर्यनचे हात तेवढे जागेवर राहिले. तो खाली पाहत होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, हसू दाबताना मिटतात तसे.

भारतशेठ बरोबर चारला आले. सोबत त्यांची आई पुष्पाबाई होती. म्हातारीनं गाडीकडे पाहिलं, स्वस्तिक पाहिलं, पंजे पाहिले, पायाशी पडलेल्या करवंटीवर तिची नजर थांबली.

"हा नारळ कोणाच्या नावानं फुटला?"

केबिनमधून धावत आलेले कल्याणसाहेब म्हणाले, "काही नाही आजी, जरा गडबड झाली. पाच मिनिटांत धुऊन देतो."

"कुंकू धुता?" पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पोऱ्याला हाक मारायला उचललेला हात खाली घेतला. मग त्या शिवकन्याकडे वळल्या. "तू केली पूजा?"

"हो. माझ्या नावानं आल्ती गाडी. रेघ मारून तुमचं नाव टाकलं."

"इसार दिल्ता?"

"दसऱ्यालाच."

पुष्पाबाईंनी काचेवरचा कागद पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आडवी रेघ कळत होती.

"आई, ह्या गाडीसाठी किती दिवस थांबलो आपण," भारतशेठ म्हणाले. "कुंकवानं काय हुतंय?"

"दुसऱ्याची पुजलेली गाडी मपल्या दारात बिलकुल नको. तुला न्यायची तर ने, म्या बसणार न्हाई." आणि त्या जाऊन आपल्या जुन्या गाडीत बसल्याही. भारतशेठ दोन मिनिटं कल्याणसाहेबांवर चिडले, सीट कव्हरांचे पैसे आजच्या आज परत मागितले आणि आईच्या मागं गेले.

"ताई, हे तुम्ही मुद्दाम केलं," कल्याणसाहेब म्हणाले.

"पूजेला आल्ते, पूजा केली. घंटा तुमी वाजवली."

"आणि भाव? भाव तर नवाच लागेल."

"लावा की," शिवकन्या म्हणाली. "जिल्ह्यात कोणी पुजलेली गाडी घेणारा भेटला तर त्यालाबी हाच सांगा. मी बसते तोवर." आणि ती गाडीचं दार उघडून स्टिअरिंगसमोर बसली.

रामरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात कल्याणसाहेबांपुढं धरला. बैलबाजारात भाव असाच ठरतो; कापडाखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. कल्याणसाहेबांना ते ठाऊक असावं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कपाळ पुसलं आणि हात उपरण्याखाली घातला.

बराच वेळ दोघं तसेच उभे राहिले. उपरणं हललं नाही. कल्याणसाहेबांनी एकदा हात सोडवायचा प्रयत्न केला, मग तोही सोडून दिला.

"आर्यन," ते शेवटी म्हणाले, "दसऱ्याच्या भावानं बिल काढ."

बँकेतून पैसे येऊन कागदपत्रं हातात पडायला शुक्रवार उजाडला. गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर निघाली तेव्हा रामराव पुढच्या सीटवर बसून पायाखालची नवी चटई अंगठ्यानं चाचपत होते.

"मामा, त्या दिवशी किती बोटं दाबली व्हती?"

"एकबी न्हाई."

"मंग?"

"नुसता हात धरून उभा राह्यलो. त्याचा त्यालाच समजला भाव."

शिवकन्यानं गाडी कडेला घेतली, मोबाइल काढला आणि मुलींच्या ग्रुपवर लिहिलं : सोमवारी सकाळी सात, फाट्यावर. उशीर करायचा न्हाई.

पहिलं उत्तर अक्षताचं आलं : मावशी, मी खिडकीपाशी बसणार.