गाणी फुकट झाली तेव्हा

मित्रांनो, माझ्यासमोर उभं राहिल्यावर भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडलेली मी पाहिली आहे. मी एक जुना मायक्रोफोन आहे, गाणी रेकॉर्ड करणाऱ्या स्टुडिओतला. हल्ली गाणं हवं असलं की तुम्ही मोबाइलवर बोट टेकवता आणि ते येतं. पण त्याआधी ते कुठल्या तरी खोलीत कुणी तरी गायलेलं असतं. अशाच एका खोलीत माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या जाळीच्या आत सोन्याचा मुलामा दिलेला एक पापुद्रा आहे, कांद्याच्या सालीहूनही पातळ. तो बसवणाऱ्या बाई कामाला लागल्या की आजूबाजूच्यांना शिंकायचीही चोरी. आवाज आला की तो पापुद्रा थरथरतो आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. माझं कर्तृत्व एवढंच.

मला विकत घेतलं रेकॉर्डिस्ट मामांनी. ते तसे कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामा म्हणत, त्यामुळे त्यांच्या बायकोला मामी होण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. स्टुडिओच्या भिंतींना जाड कापड होतं, जमिनीवर गालिचा होता आणि मधोमध मोठी काच. काचेपलीकडे मामा, अलीकडे वादकांच्या घोळक्यात मी. गाताना ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर माझ्यावर आदळू नये म्हणून मामींनी भरतकामाच्या गोल चौकटीवर पातळ कापड ताणून माझ्यापुढे लावलं होतं. मला ते घुंगट घेतल्यासारखं वाटायचं.

काय दिवस होते ते! सगळे वादक एकत्र बसायचे. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. बासरीवाले काका मामांचे जुने मित्र. एकदा अगदी हळुवार जागी कसलीशी गुरगुर ऐकू आली. मामांनी हेडफोन काढला आणि काचेपलीकडून ओरडले, “काका, पोटातले कावळे बाहेर सोडून या आधी!”

“मग जेवायला कधी सोडणार ते सांग!” काकाही तसेच ओरडले. त्या दिवशी सगळे आधी जेवले आणि मग गाणं झालं. ते गाणं पुढे घरोघरी वाजलं.

मग ताई आल्या. त्या दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे साथ करायच्या. कितीतरी वर्षांनी त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा संच करायला घेतला. हौसेने, पदरमोड करून. त्यात एक निरोपाचं गाणं होतं. ते गाताना एका ओळीवर त्यांचा आवाज किंचित फाटला. मामा म्हणाले, “पुन्हा घेऊया?” ताई म्हणाल्या, “नको मामा. ते तसंच असू दे.” मामांनी मान हलवली. मलाही ते पटलं होतं, पण मला कोण विचारतो?

संच दुकानांत यायला थोडे दिवस उरले होते. मामा, मामी आणि ताई खोलीत बसून वेष्टनावरचं चित्र ठरवत होते. ए.सी. बिघडला होता, म्हणून एक मेकॅनिक शिडीवर चढून त्याच्याशी झटापट करत होता. अचानक छताकडून ताईंचं गाणं ऐकू येऊ लागलं.

मामांना वाटलं, आपलंच मशीन चालू राहिलं. ते धावत काचेपलीकडे गेले. मशीन तर बंद होतं. गाणं मेकॅनिकच्या खिशातून येत होतं.

“हे तुमच्याकडे कसं आलं?” मामांचा आवाज चिरका झाला होता.

“हे होय? मेव्हण्याने पाठवलं. त्याने कुठूनतरी डाउनलोड केलंय. सगळ्यांकडे आहे आता. तुम्हाला हवंय? देतो ना, फुकटच तर आहे!”

मामी काही बोलणार, तोच ताईंनी त्यांचा हात दाबला. “आवडलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“अहो, आवडलं म्हणजे काय! आमची आई अंथरुणाला खिळलेली आहे, ती दुसरं काही लावू देत नाही. त्या बाईचा आवाज मध्येच एका जागी फाटतो बघा, तिथं आई दर वेळी डोळे पुसते.”

आता मात्र मामींना राहवलं नाही. “ती बाई तुमच्यासमोर उभी आहे.”

मेकॅनिक शिडीवरून खाली उतरला. आधी त्याने पँटला हात पुसले, मग मोबाइल बंद केला. “ताई, मला खरंच कल्पना नव्हती. त्यात नावबिव काहीच नाही हो. नुसतं ‘गाणं चार’ लिहिलंय. पुसून टाकतो लगेच.”

“पुसू नका. आईंना ऐकवा,” ताई म्हणाल्या. “फक्त पुढे कुणाला देऊ नका.”

“मी नाही देणार. पण ते आता कुठवर गेलं असेल, देव जाणे.”

तो गेल्यावर ताई माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते माझ्या पापुद्र्यालाही नीट कळेना. एवढी मनापासूनची दाद त्यांना कधी मिळाली नव्हती आणि त्याच दादेने त्यांचे हात रिकामे केले होते. संच दुकानांत आला आणि तिथेच धूळ खात पडला. ज्याच्या त्याच्या खिशात तो आधीच पोहोचला होता.

गाणी कुणी फोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण संशय मात्र स्टुडिओत शिरला. मामांनी कॉम्प्युटरला कुलूप लावलं. आत येताना वादकांनी मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचे, असा नियम झाला. बासरीवाल्या काकांनी टोपलीकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं.

“मीसुद्धा?”

“सगळ्यांनाच आहे रे तो नियम,” मामा नजर चुकवत म्हणाले.

काकांनी मोबाइल टोपलीत ठेवला, काम चोख केलं आणि ते गेले. त्यानंतर ते फिरकले नाहीत. मित्रांनो, गाणी चोरणाऱ्याला या मैत्रीचा पत्ताही नसेल, पण तीही त्याने नेली.

पुढे गाणी करायला पैसे घालणारे हात आखडता घेऊ लागले. “विकत घेतंय कोण?” असं म्हणत. वादकांच्या जागी कॉम्प्युटर आला. कुणी दुकानात नोकरी धरली, कुणी शिकवण्या. मी खोक्यात गेलो. अखेर मामांनी खोली सोडायची ठरवली. भिंतींचं कापड उतरवण्याआधी मामी म्हणाल्या, “काकांना फोन करा. तुम्हीच करायला हवा.”

काका आले. मामांनी दार उघडलं.

“मी तुला चोर म्हटलं नव्हतं,” मामा म्हणाले.

“चोर नाही, असंही म्हटलं नव्हतंस.”

“चुकलंच माझं.”

काकांनी पिशवीतून बासरी काढली. मामांनी मला खोक्यातून काढून उभं केलं, पण काचेपलीकडे गेले नाहीत. काकांच्या पायाशी गालिच्यावरच बसले. काकांचा दम आता पुरत नव्हता. सूर मध्येच तुटे, ते थांबत, पुन्हा सुरू करत. मामांनी एकदाही “पुन्हा घेऊया” म्हटलं नाही.

खोली सोडताना मामांनी मला ताईंकडे सोपवलं, आणि हल्ली मी त्यांच्या घरी असतो. त्या आता स्वतःच गाणी इंटरनेटवर ठेवतात, प्रत्येकाखाली वाजवणाऱ्यांची नावं लिहून. दूरदूरची माणसं रीतसर पैसे भरून ती उतरवून घेतात. फार नाहीत, पण आहेत. तेव्हा डाउनलोडवर माझा राग नाही. एरवी जिथे पोहोचलं नसतं तिथे गाणं पोहोचतं, ते मला आवडतंच.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. एखादं गाणं कुणी फुकट पुढे केलं, तर घेण्याआधी एवढं विचारा, “हे कुणी गायलंय?” आणि देणाऱ्याला ते सांगता आलं नाही, तर तुम्ही शोधून काढा आणि जिथे गाणाऱ्याचं नाव लिहिलेलं असेल, तिथून ते गाणं घ्या.