सिग्नेचा खालच्या सुरातला पियानो

मित्रांनो, मी पोलादाचा एक नादकाटा आहे. वय झाले आहे आणि दोन्ही पायांवर गंज चढला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. रबरी ठोकळ्यावर आपटून कानाशी नेले की ते गुणगुणतात. माझे काम मात्र प्रयोगशाळेतले नव्हते. पियानो जुळवणाऱ्या माणसाच्या खिशात मी एक्केचाळीस वर्षे काढली. गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. मला एकच सूर येतो, आणि गोष्टीला पुष्कळ लागतात. चुकले तर सांभाळून घ्या.

शिकागोच्या एका लहान कारखान्यात मी जन्मलो. पोलादाची कांब तापवून वाकवली आणि माझे दोन पाय झाले. मग एक कारागीर दिवसभर कानस घेऊन माझ्यावर बसला. टोकाशी घासले की माझा सूर चढे, बेचक्यात घासले की उतरे. सेकंदाला बरोबर चारशे चाळीस कंपने भरली, तेव्हा त्याने मला कापसात गुंडाळले. त्या दिवसापासून मी कधी बदललो नाही. याचा मला फार अभिमान होता.

नॉर्थ डकोटातल्या एका गावी एमिल नावाच्या आंधळ्या माणसाकडे मी आलो. त्या भागातले सगळे पियानो तोच जुळवी. हाल्वर ब्रेक्के हा त्याचा शिष्य. हाल्वर तार ताणायच्या खुंटीवरच्या चावीकडे टक लावून पाहू लागला की एमिलला ते न दिसताही कळे.

"काय बघतोस रे तिच्याकडे? लग्न करायचंय का तिच्याशी? कान दे!"

एमिल गेल्यावर मी हाल्वरचा झालो. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. हाल्वर त्यांच्यामधून लोकरीची लांब फीत खोचून दोघींना गप्प करी आणि एकीलाच बोलू देई. मग मला गुडघ्यावर आपटून माझा दांडा दातांत धरी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहत. माझा सूर त्याच्या कवटीत घुमे. दोन सूर जवळ आले पण एक झाले नाहीत, की आवाज हेलकावतो, वांव-वांव-वांव असा. हाल्वर चावी केसभर फिरवी. हेलकावे सावकाश होत जात आणि शेवटी थांबत. तार थोडी जास्त चढवून मग हलकेच खाली आणायची आणि पट्टी जोरात ठोकायची, म्हणजे खुंटी पुन्हा सरकत नाही.

माझ्यापासून एक सूर लागला की त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. पण गंमत अशी की प्रत्येक जोडी अगदी शुद्ध लावत गेले, तर फिरून पहिल्या सुराच्या घरी येईपर्यंत सगळे बिघडते. म्हणून प्रत्येक जोडीत किंचित कसर ठेवावी लागते. कुठे पाच सेकंदांत तीन हेलकावे, कुठे सेकंदाला सात. हाल्वर ते मनात मोजी. सगळ्यांनी थोडे थोडे सोसायचे, तेव्हा कुठे गाणे होते. या सगळ्यात न सोसणारा मी एकटाच होतो. लोक म्हणत, "हाल्वरचा काटा म्हणजे देववाणी." मला ते खरे वाटे.

आता सिग्नेचे सांगतो.

सिग्ने टोफ्टे आणि हाल्वर लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत एका बाकावर बसत. तिचा नवरा ओर्विल बीट पिकवी आणि उभ्या गावात सगळ्यांत मोठ्याने हसे. त्याला मेंदूचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. दोन वर्षे त्याला 'पाणी' म्हणता येत नव्हते. पण त्याच्या आईचे एक नॉर्वेजियन अंगाईगीत होते. संध्याकाळी सिग्नेने पियानोवर ते धरले की ओर्विल ते शब्दांसकट गाई, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणे संपले की पुन्हा मुका. त्याचा आवाज ऐकण्याची तेवढीच एक वाट सिग्नेला उरली होती.

नोव्हेंबरात तिने हाल्वरला बोलावले.

"बूट काढ आधी! अर्धं शेत आत आणलंस," ती दारातच म्हणाली. "चार पट्ट्या घोगऱ्या झाल्यात. तेवढ्याच बघ. बाकी हात लावू नकोस."

हाल्वरने दोन-तीन सूर वाजवले. "चार? सिग्ने, हा पियानो आहे की चिखलात रुतलेला ट्रॅक्टर?"

"तुझ्या तोंडालाच चावी लावायला हवी."

त्याने मला गुडघ्यावर आपटले. पियानोचा सूर माझ्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या सुराने खाली होता. मी मनात म्हणालो, चूक. साफ चूक.

"शेवटचा कधी जुळवला होतास?"

"मी कशाला जुळवू? तूच जुळवलास. पोराच्या लग्नात."

"बावीस वर्षं! आणि वर तोंड करून सांगतेस."

"खालीच राहू दे रे," सिग्ने हळू आवाजात म्हणाली. "ओर्विल तिथेच गातो."

"अगं, रविवारी त्याचा ऐंशीवा वाढदिवस. तुझी नात मारित व्हायोलिन घेऊन येणार. तिने काय करायचं?"

"ती उतरवेल खाली. चार खुंट्या तर आहेत."

"पियानोसाठी व्हायोलिन उतरवायचं? एमिल थडग्यातून उठून बसेल."

"बसू दे. कॉफी देईन त्याला."

हाल्वर हसला, पण रागाने त्याचे नाक लाल झाले होते. त्याच्या हातून जुळलेला एकही पियानो काट्याच्या खाली राहिलेला नव्हता. त्याने मला तिच्यापुढे धरले. "हा बघ. हा खोटं बोलत नाही. ओर्विल चढेल थोडा वर. गाणं तेच आहे."

मित्रांनो, तेव्हा मी मोठ्या डौलाने गुणगुणलो. ते आठवले की आजही मला माझी लाज वाटते.

सिग्ने हातातला टॉवेल चुरगळत उभी राहिली. मग म्हणाली, "तुला कळतं त्यातलं," आणि स्वयंपाकघरात गेली.

कोरड्या हिवाळ्यात लाकूड फाटू नये म्हणून आमच्याकडे पियानोच्या पोटात पाण्याची बरणी ठेवतात. हाल्वरने खालचे दार काढले, तेव्हा बरणी कोरडी ठणठणीत होती. ओर्विलच्या आजारपणात तिच्यात पाणी घालायला कोणाला सुचणार? इतका उतरलेला आणि वाळलेला पियानो एका दिवसात वर ओढायचा नसतो. आज थोडा, दोन महिन्यांनी थोडा, आणि न मानल्यास तिथेच सोडायचा. हे हाल्वरला ठाऊक होते. त्याने बरणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चावी उचलली.

दुपारी खर्जाची एक तार तुटली, मग दुसरी. तिसऱ्या प्रहरी लाकडातून 'टक्' असा आवाज आला, फार मोठा नाही, कोणी बोट मोडावे तसा. खुंट्या ज्या फळीत रोवलेल्या असतात, ती फळी आत चिरली होती. हाल्वरचा हात थांबला. पण अर्धा चढवलेला पियानो सोडताही येत नव्हता. त्याने काम पुरे केले.

सिग्ने वाजवायला बसली. ओर्विल काठी टेकत येऊन शेजारी उभा राहिला. तिने गाण्याची सुरुवात वाजवली आणि ओर्विलने पहिला शब्द उचलला, त्याच्या जुन्या जागेवरून. पियानो तिथे नव्हता. दोन्ही आवाज एकमेकांवर आपटले. ओर्विल थांबला. त्याने पुन्हा तोंड उघडले, ओठ हलले, शब्द आला नाही. परक्या घरात शिरलेल्या माणसासारखा तो सिग्नेकडे पाहत राहिला. तेवढ्यात मधल्या तारा सैल पडून सरकू लागल्या होत्या, एक इतकी, दुसरी तितकी. पियानो स्वतःशीही जुळेनासा झाला.

सिग्नेने पट्ट्यांवरून हात काढले. "हाल्वर, तुझी कॉफी गार झाली असेल," एवढेच ती म्हणाली.

रविवारी मारितने दोन मिनिटांत व्हायोलिनच्या चार खुंट्या खाली उतरवल्या. "आजोबा, इथे? की अजून खाली?" असे विचारत तिने चार-पाच वेळा तेच गाणे वेगवेगळ्या जागी वाजवून पाहिले. ओर्विलची बोटे गुडघ्यावर हलत होती. गळा हलला नाही. त्या दोन मिनिटांत उतरलेल्या चार खुंट्या पाहून हाल्वर केकची बशी तशीच ठेवून अंगणात जाऊन उभा राहिला. मी त्याच्या खिशात होतो.

पुढचे तीन आठवडे तो रोज सिग्नेकडे गेला. जाड खुंट्या ठोकल्या, चिरेत सरस भरला, तारा पुन्हा खाली आणल्या. मला त्याने एकदाही बाहेर काढले नाही. पण खाली म्हणजे नेमके कुठे?

"कुठे गायचा तो? आठवतं तुला?" त्याने विचारले.

सिग्नेने डोळे मिटून सूर धरला. हाल्वरने तार लावली.

"नाही. जरा खाली." मग, "नाही, वर होता. थांब." ती पुन्हा गुणगुणली, आणि या वेळचा सूर वेगळाच निघाला. "मला आता आठवत नाही रे, हाल्वर. दोन वर्षं रोज ऐकला, आणि आठवत नाही."

मित्रांनो, त्या पियानोचा तो सूर कोणी लिहून ठेवला नव्हता. नीट तपासून ऐकणारा त्या घरात त्या दिवशी मीच होतो. मी त्याला फक्त चूक म्हटले. तो लक्षात ठेवावा असे मला वाटलेच नाही.

फेब्रुवारीत ओर्विल गेला. मार्चमध्ये हाल्वर पुन्हा खुंट्या घेऊन गेला, तेव्हा सिग्नेने त्याला दारातच थांबवले. तिचा आवाज रागाचा नव्हता. "राहू दे आता. कोणासाठी जुळवतोस?"

त्यानंतर हाल्वरने कोणाचाच पियानो जुळवला नाही. मी बरीच वर्षे फडताळात पडून होतो. आता गावच्या शाळेत संगीताच्या वर्गात एका डब्यात असतो. मुले मला बाकावर आपटतात आणि कानाशी धरतात. "बरोब्बर आहे," असे म्हणतात.

मी बरोबर आहे, मित्रांनो. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, माझे हे दोन पायच हात समजा: कोणतीही जुनी वस्तू, कोणतेही जुने माणूस सुधारायला घ्याल, तेव्हा आधी ते आज कुठे उभे आहे ते ऐका. शांतपणे, पुन्हा पुन्हा ऐका, आणि लिहून ठेवा. त्याच्या पोटातल्या बरणीत पाणी आहे का ते बघा. मग वाटले तर हात लावा. नाही लावलात तरी चालेल.