कोचच्या दारातली पाटी

आधीच सांगून ठेवते, मी जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. माझ्या अंगावर तीनच शब्द, 'घर विकणे आहे', आणि खाली मिस फेय टॉलिव्हर यांचा फोन नंबर. मी पत्र्याची, लोखंडी पायांची पाटी. ज्या दारात मी उभी, ते घर विकायचंच असणार, अशी माझी ख्याती होती. अशा अब्रूदार पाटीवर काय वेळ आली, ते ऐका.

अलाबामातल्या लॅथम गावी एका रंगाऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. मिस फेय घरांची दलाली करायच्या. त्यांनी मला गाडीच्या डिकीत टाकलं आणि माझा संसार सुरू झाला. कुणाची बदली झालेली, कुणाला तिळं झाल्यामुळे घर अपुरं पडलेलं, कुणी घटस्फोट घेतलेला. लोक माझ्यापाशी गाडी थांबवून नंबर टिपून घेत. घर विकलं गेलं की मिस फेय रुमालानं माझं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "चल गं बाई, झालं तुझं काम."

लॅथमला एक विद्यापीठ आहे आणि त्याचा फुटबॉलचा संघ आहे, बगळे. खरं तर उलट म्हणायला हवं. संघ आहे, आणि त्याच्या मागे कुठंतरी विद्यापीठही आहे. शनिवारी सामना असला की गावात कुणी लग्न ठरवत नाही. ठरवलंच तर नवरदेवाचे मित्र येत नाहीत, आणि कधी कधी नवरदेवाचंही लक्ष नसतं.

त्या वर्षी बगळे हरत होते. लागोपाठ हरत होते. अशाच एका शनिवारी संध्याकाळी मी एका बंद घरासमोर गुमान उभी असताना एक ट्रक थांबला. त्यातून दोघे उतरले. एक हार्लन प्रूइट, निवृत्त प्लंबर, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. दुसरा स्कीटर न्हावी, ज्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. दोघांनी मला उपटलं, ट्रकात आडवी टाकली आणि थेट मुख्य कोच ब्रँडल यांच्या अंगणात नेऊन ठोकली. संघ हरतोय, तेव्हा घर विकून गाव सोड, असा तो कोचला इशारा. हातोडा हार्लनचा होता.

अहो, हे घर विकायचं नाहीये! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते. पण पाटीचं कोण ऐकतं? ते दोघे पोट धरून हसत होते.

सकाळी कोचची बायको घराबाहेर आली. मला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. रस्त्यावरून जाणारे गाड्यांचे भोंगे वाजवत होते. तिनं मला उपटायचा प्रयत्न केला, पण हार्लननं मला चांगलीच खोल गाडली होती. शेवटी ती आत गेली आणि अंगपुसण्याचा एक मोठा टॉवेल आणून तिनं माझ्या डोक्यावरून टाकला. वाऱ्यानं टॉवेल उडाला. ती पुन्हा आली, कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन, आणि एकेक चिमटा लावत राहिली. समोरच्या रस्त्यावर हार्लन ट्रक थांबवून आपली करामत पाहायला आला होता. त्यानं हे सगळं पाहिलं. भोंगा न वाजवताच तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ब्रँडल यांना काढलं. काढलं, आणि करार बाकी आहे म्हणून वर काम न करण्याचे पैसे तीन वर्षं देणार म्हणे! मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच काही चूक झाली. तर नाही, गावात सगळ्यांना ते अगदी रीतसर वाटत होतं.

स्कीटरनं मला उपटून आणलं आणि हार्लनच्या गॅरेजमध्ये, जुन्या फ्रिजच्या वर खिळ्याला टांगलं. "ही आपली जिंकलेली ढाल," तो म्हणाला. हार्लन पाठ फिरवून हातोडा खणात ठेवत होता. मिस फेयकडे मला परत नेऊन द्यावं, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

मग सुरू झाली नव्या कोचची चर्चा. देवा रे देवा! मी आयुष्यभर घरं विकताना पाहिली, पण माणसांची इतकी घासाघीस कधी ऐकली नव्हती. हार्लन, स्कीटर आणि दातांचे डॉक्टर रॅमसे. तिघे जण उकडलेल्या शेंगांची पातेली रिकामी करत आणि एकेका माणसाची सालं काढत.

"हडल्स्टनच पाहिजे," स्कीटर म्हणायचा. "दोन अजिंक्यपदं आहेत त्याच्या नावावर."

"कधीची?" डॉक्टर विचारायचे. "तुझ्या डोक्यावर केस होते तेव्हाची. म्हातारा जिना चढताना धापा टाकतो, लेका. मैदानावर काय आरामखुर्ची ठेवणार?"

"मग तो कॅरिगन घ्या. तरुण आहे."

"तो? उत्तरेकडचा माणूस. थंड चहात साखर घालत नाही तो!"

आमच्या दक्षिणेत बिनसाखरेचा थंड चहा म्हणजे पाप. कॅरिगन तिथंच बाद. मी खिळ्यावर थक्क! त्या माणसाला खेळ किती कळतो, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

मध्येच स्कीटर फोनवर विमानं शोधायचा, म्हणजे नव्या कोचला आणायला कोण कुठं उडालं ते. "अरे, विद्यापीठाच्या त्या श्रीमंत देणगीदाराचं विमान टेक्ससला उतरलंय! टेक्ससला कोण आहे? बोला, कोण आहे टेक्ससला?"

"त्याची सासू आहे," डॉक्टर म्हणाले.

आणि मग एका दुपारी डॉक्टरांनी ते नाव घेतलं. "आपण गावभर शोधतोय आणि काखेत कळसा आहे. वेस मॅबरी!"

सगळ्यांनी हार्लनकडे पाहिलं. वेस हा हार्लनचा जावई. हार्लनची एकुलती एक लेक, जोडी, त्याला दिलेली. कधीकाळी तो बगळ्यांकडूनच खेळला होता. आता केंटकीत एका छोट्या कॉलेजचा कोच होता आणि तिथं जिंकत सुटला होता. जोडी आणि छोटी नात एमरी तिकडेच, इथून दिवसभराच्या रस्त्यावर. हार्लनची बायको ओपल नातीचा फोटो फ्रिजवर लावून त्याच्याशी बोलत बसायची. मी वरून पाहत होते ना.

"वाह!" स्कीटरनं मांडीवर थाप मारली. "घरचा माणूस! हार्लन, तुझी लेक घरी येईल की रे!"

हार्लन शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याला नाही जमायचं."

"काय?"

"छोट्या तळ्यातला मासा आहे तो. बचाव कळत नाही त्याला. मऊ आहे. हरलं की पोरांना जवळ घेऊन बसतो. इथं असली थेरं चालायची नाहीत."

मी तर दचकलेच. सख्खा सासरा! गावच्या कुठल्या वैऱ्यानंही वेसला इतकं सोललं नसतं. स्कीटरसारखा स्कीटर, त्याचंही तोंड उघडंच राहिलं.

दारात ओपल शेंगांचं नवीन पातेलं घेऊन उभी होती. तिनं ते फ्रिजवर असं आपटलं की मी खिळ्यावर हलले. "स्वतःच्या जावयाबद्दल बोलतोयस तू? लाज नाही वाटत? पोरीला घरी आणायची एक संधी आली, तर तू तिच्यात माती कालवतोयस!"

दोस्तांनी काढता पाय घेतला. ते गेल्यावर हार्लननं माझ्याकडे बोट दाखवलं. "ओपल, ही पाटी कुणाच्या दारात होती, माहितीये ना?"

"माहितीये. ठोकून आलात तेव्हा तुम्ही दोघे टाळ्या देत होतात."

"तिथली बाई हिला टॉवेलनं झाकत होती. चिमटे लावून. मी पाहिलं." त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "ती बाई जोडी असेल, तेव्हा मी कुठं तोंड लपवू?"

ओपल खुर्चीत बसली. मला वाटलं, आता तरी हा मला खाली काढेल. नाही काढलं.

दोन दिवसांनी जोडीचा फोन आला. विद्यापीठानं वेसला विचारलं होतं. हार्लननं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"डॅडी, तू सांगशील तसं करू," ती म्हणाली. "वेसला भीती वाटतेय. मी म्हटलं, अरे, आपलं गाव आहे, आपली माणसं आहेत. चांगलीच आहेत ना रे ती?"

शेजारी ओपल पदर पसरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून उभी होती. हार्लननं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चांगली आहेत गं," तो म्हणाला. "शनिवार सोडून."

जोडी खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला. आली ती मंडळी.

गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. बँड काय, हारतुरे काय! ज्या वेसला जमणार नव्हतं, तो आता जन्मजात कोच होता. हार्लनच्या गॅरेजमध्ये जेवण झालं, डुकराच्या बरगड्या भाजल्या, मक्याचा पाव, सगळं साग्रसंगीत. पाहुणे यायच्या आधी मला काढायचं हार्लनच्या डोक्यातून राहून गेलं होतं. आता तो घाईघाईनं शिडी लावून चढला आणि मला कचऱ्याच्या पिंपाकडे घेऊन निघाला, तर स्कीटर आडवा आला.

"अरे, टाकतोस काय? चांगली भारीतली पाटी आहे. राहू दे, दोन-तीन वर्षांनी लागेल!"

सगळे हसले. अगदी मोकळेपणानं, प्रेमानं हसले. वेससुद्धा हसला! माझा पत्रा गार पडला. न हसणारी माणसं दोनच होती. एक हार्लन, आणि दुसरी जोडी. ती हातातली ताटली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

हार्लननं मला टाकलं नाही. कोळशाच्या पोत्यामागे तोंड भिंतीकडे करून उभं केलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसरं त्याहून बरं. तिसऱ्या वर्षी बगळ्यांचा मुख्य खेळाडू गुडघा मोडून बसला आणि हार सुरू झाली. गॅरेजमधली शेंगांची बैठक बारगळली. स्कीटरच्या दुकानात आता नवी नावं निघत होती म्हणे. कॅरिगनचं नावही पुन्हा आलं होतं, आणि त्याच्या चहाबद्दल आता कुणाचीच तक्रार नव्हती.

मग गेल्या शनिवारी बगळे घरच्या मैदानावर दारुण हरले. सामना संपला तसा हार्लन गॅरेजमध्ये आला, मला बाहेर काढलं आणि हातोडा घेतला. मी मनात म्हटलं, अरे कर्मा, हा स्वतःच्याच लेकीच्या दारात? पण तो ट्रककडे वळलाच नाही. त्यानं मला आपल्या स्वतःच्या अंगणात ठोकलं, रस्त्याकडे तोंड करून. मग एक खुर्ची आणून माझ्या शेजारी बसला.

अर्ध्या तासात स्कीटर आणि डॉक्टर आले. मला पाहून दोघेही जागच्या जागी थिजले.

"हार्लन, तू घर विकतोयस?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही कशाला आलात?"

स्कीटर टोपी काढून डोकं खाजवू लागला. "गड्या, राग मानू नकोस. गावातली पोरं पाटी मागतायत, वेसच्या दारात ठोकायला. म्हटलं, परक्यानं नेण्यापेक्षा आपणच... वेसबद्दल काही नाही रे. माणूस सोन्यासारखा आहे. पण रीत आहे ना."

"ही काय, समोर आहे," हार्लन म्हणाला. "उपट आणि ने."

स्कीटरनं खरंच माझा पाय धरला! मग हार्लनकडे पाहिलं आणि त्याचा हात सुटला. दोघेही निघून गेले.

सोमवारी सकाळी जोडी एमरीला शाळेत सोडायला निघाली होती. मला पाहून तिनं गाडी थांबवली. एमरीला आजीकडे आत पाठवलं आणि ती बापासमोर उभी राहिली.

"डॅडी, हे काय?"

"तुझ्या दारात यायची होती ही," हार्लन म्हणाला. "म्हटलं, माझ्याच दारात राहू दे."

ती गवतात त्याच्या पायाशी बसली. "ब्रँडलबाईंच्या दारात हीच होती ना? तूच ठोकली होतीस."

हार्लनचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"त्या जेवणाच्या दिवशी तू शिडीवरून हिला काढलीस आणि स्कीटर ते बोलला, तेव्हाच कळलं."

"मग तेव्हाच परत का नाही गेलात?"

"केंटकीतलं घर विकून आलो होतो, डॅडी," जोडी म्हणाली. "कुठं जाणार होतो?"

हार्लन तोंड दोन्ही हातांत घेऊन रडला. निवृत्त प्लंबर, चर्चमधल्या पहिल्या बाकावरचा, भर सकाळी, गावादेखत रडला. जाणाऱ्या गाड्यांपैकी एकीनंही भोंगा वाजवला नाही.

अजून मी त्याच्याच अंगणात उभी आहे. येत्या शनिवारी पुन्हा सामना आहे, आणि दुसरी पाटी करायला गावात पत्र्याला तोटा नाही. तुम्ही रस्त्यानं जाताना मला पाहिलंत, तर एवढं करा. माझ्यावरचा नंबर अजून वाचता येतो. मिस फेयना फोन करा आणि म्हणावं, तुमची पाटी सापडली आहे, येऊन घेऊन जा. ज्यांना खरंच गाव सोडायचंय, त्यांच्याच दारात मला उभी करा.