कुलूपवाल्यांच्या दारातला श्वास

मी एक जुना इंटरकॉम आहे. मित्रांनो, मी एकाच वेळी दोन ठिकाणी राहतो. माझी जाळीची पेटी खाली रस्त्यावरच्या दारापाशी आहे आणि माझा फोन वर स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारच्या भिंतीवर. खालून कुणी बटण दाबलं की मी वर केकाटतो. वरून बटण दाबलं की खालच्या दाराचा खटका सुटतो. मला डोळे नाहीत, पण आवाजांच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही.

मला इथे आणलं ते कुलूपवाल्यांनी. खाली त्यांचं किल्ल्यांचं दुकान, त्याला लागून जिन्याचं दार, वर घर. मला भिंतीवर ठोकताना ते आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, "किल्लीवर माझा विश्वास नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या किल्लीची हुबेहूब जोडी मीच पाडून देतो. आवाजाची जोडी पाडता येत नाही."

"अहो, मग आम्ही काय गात गात घरात यायचं?" काकूंनी विचारलं.

"गा, नाहीतर भांडा. आवाज ओळखला तरच दार उघडायचं. नाही ओळखला तर मी असलो तरी नाही."

झालं! शहरभर किल्ल्या पुरवणाऱ्या माणसाच्या घरात रस्त्यावरच्या दाराची किल्ली कुणाकडेच नव्हती. कुलूपवाले स्वतः रोज दुपारी जेवायला येताना खालून आवाज बदलून बोलत, कधी म्हाताऱ्याचा, कधी रागावलेल्या बाईचा. त्यांची लेक चिमी खुर्चीवर चढून माझा फोन कानाला लावी आणि खिदळत म्हणे, "बाबा, ओळखलं!" शेजारपाजारचे मला बघायला येत. ते माझे मानाचे दिवस होते.

चिमी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा काहीतरी बिघडलं. "मी आहे, जेवायला वाढ" असं म्हणणारे कुलूपवाले खालून म्हणू लागले, "मी... ते... वाढायचं ते." मध्येच शब्द गळून जात. काकूंना वाटलं, बिघाड माझ्यात आहे. वायरमन आला, त्याने माझी जाळी साफ केली, वायर बदलली. शब्द गळतच राहिले. मला फार वाईट वाटलं, कारण माझ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं आणि ते सांगायला मला स्वतःचा आवाज नव्हता.

मग एके दिवशी काकूंनी विचारलं, "कोण?"

खालून आलं, "कोण?"

"अहो, चेष्टा पुरे. कोण आहे?"

"कोण आहे?"

आवाज त्यांचाच होता, अगदी चढउतारांसकट. पण त्यात विचारणारं कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं आवाज वाहिले, असा रिकामा आवाज कधी वाहिला नव्हता. काकूंनी दार उघडलं आणि त्या स्वतःच जिना उतरून गेल्या.

डॉक्टरबाईंकडून आल्यावर चिमी ओट्याला टेकून रडली. "घसा चांगला आहे म्हणाल्या गं आई. मेंदूतला बोलण्याचा भाग झिजत चाललाय. आधी बोलणं जाईल, मग ऐकलेलंही कळेनासं होईल. आणि औषध काही नाही."

दुकान बंद झालं. घरातले शब्द एकेक करून गेले. भांड्यांचे आवाज तेवढे उरले.

एका दुपारी काकू बाहेर गेल्या होत्या आणि चिमी एकटीच स्वयंपाकघरात होती. मी केकाटलो. तिने फोन उचलला. "कोण?"

खाली नुसता श्वास. संथ, जवळ, जाळीला तोंड लावून घेतलेला.

"कोण आहे? बोला ना!"

श्वास चालूच. चिमी दबक्या आवाजात हाका मारत वडिलांच्या खोलीकडे धावली, "बाबा, उठा ना, खाली कुणीतरी आहे..." माझा फोन वायरीला लोंबत राहिला. मला तिची हाक ऐकू आली, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. खोलीत पलंग रिकामा होता; हे आणि पुढचं मला चिमी आईला सांगत होती तेव्हा कळलं.

ती खाली पोहोचली तेव्हा कुलूपवाले तसेच उभे होते, बटणावर बोट ठेवून. न सांगता खाली उतरून, दुकानाचं बंद शटर चाचपून ते परत आले होते. कुलूप उघडायची तार सवयीने अजून त्यांच्या खिशात असायची आणि हे कुलूप तर त्यांनीच बसवलेलं. मनात आणलं असतं तर चुटकीसरशी आत आले असते. पण वरून अजून कुणी ओळखलं नव्हतं, म्हणून ते बाहेर थांबले होते. चिमीने त्यांना घट्ट मिठी मारली.

आता ते बाहेर जात नाहीत. तासन्‌तास माझा फोन कानाला लावून उभे असतात. खाली रस्त्यावर माझ्या जाळीतून त्यांचा श्वास येतो. पोस्टमन दचकतो, मुलं रस्ता ओलांडून पलीकडून जातात. मित्रांनो, तुम्ही तसं करू नका. तिथे एक माणूस उभा आहे, त्याला फक्त बोलता येत नाही.

काकूंनी मात्र त्यांना काम दिलं आहे. त्या मुद्दाम खाली जातात, बटण दाबतात आणि म्हणतात, "अहो, मी आले." ते ऐकतात आणि खटका सोडतात. बटणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आज काकू भाजी घेऊन आल्या. "अहो, मी आले."

वर श्वास.

"मी आहे हो. उघडा."

नुसता श्वास. चिमीने "बाबा, मी दाबते" म्हणत बटणाकडे हात नेला, तशा काकू खालून म्हणाल्या, "चिमे, तू नको दाबूस. ओळखतील ते."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणाला ओळखायला, बोलायला वेळ लागला तर त्याचं काम तुम्ही उरकून टाकू नका. थांबा, आणि बोलत राहा.

काकूंनी पिशवी खाली ठेवली आहे. जाळीला तोंड लावून त्या कालची वांगी कशी किडकी निघाली ते सांगताहेत, मग शेजारणीच्या गुडघ्यांचं, मग पुन्हा वांग्यांचं. मी प्रत्येक शब्द जपून वर नेतो आहे. वर ते श्वास रोखून ऐकताहेत. दार अजून उघडलेलं नाही.