वेंडेलचा नर

शिकारीच्या हाक्यात गोळी कुणाची हे विचारायचं नाही, असा आमच्या रानातल्या खोपटाचा रिवाज. दोन बार एकदम निघाले तर जो आधी ओरडेल, हरीण त्याचं. माझ्या नवऱ्यानं, लेस्टरनं, हा रिवाज पाडला, कारण शिंगांवरून मारामाऱ्या व्हायला लागल्या होत्या. लेस्टर गेला. त्याची बंदूक आणि चुलीजवळचा त्याचा बाक माझ्याकडे आला. आणि मग मी आणि खोपटातला जुना सोबती ऑरिन त्याच रिवाजाच्या आडून तिसऱ्या सोबत्याला, वेंडेलला, फसवायला लागलो.

वेंडेलचे डोळे मधोमध विझत चालले होते. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच गायब. तो स्वतः कबूल करायचा नाही, चष्म्याला नावं ठेवायचा. त्याची बायको इर्मा फोनवर रडली होती. "व्हर्ना, नोव्हेंबरातले हे दोन दिवस त्याच्याकडून काढून घेऊ नका गं. खुर्चीत बसूनच मरेल तो."

तोडगा ऑरिनचा. तो पलीकडून दलदल तुडवत, आरडाओरडा करत जनावरं उठवणार. वेंडेल टेकाडाखाली बसणार आणि मी त्याच्या मागे झाडाआड. त्यानं चाप ओढला की त्याच दमात मी ओढायचा, आणि हरीण पडलं की ऑरिननं रानातून बोंब ठोकायची, "वेंडेलचा!" दोन हिवाळे असेच गेले. दोन नर त्यानं घरी नेले, शिंगं भिंतीवर लावली. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, इथे देवाचं काम मी करत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतही होतं.

गेल्या नोव्हेंबरात शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. वेंडेलला नेहमीप्रमाणे ऑरिननंच गाडीत घालून आणलं होतं, पेट्रोल वाचतं या बहाण्यानं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. वेंडेल इर्मानं दिलेल्या मांस भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या चुलीवर गरम करत होता, आणि तोंड काही बंद नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात मी जावयाच्या टोळक्याबरोबर जाणार," तो म्हणाला. "आठ-दहा जण आहेत. पोरं म्हणाली, बाबा, दोन वर्षं तुमचा नेम चुकलेला नाही, जनावर बाहेर पडतं त्या नाक्यावर तुम्ही बसा."

ऑरिनच्या हातातला पेला तसाच राहिला. "त्या गर्दीत कशाला मरायला जातोस?"

"जळतोस का रे? तुला दोन वर्षांत एक ससा तरी मिळाला का?"

"मी हाके घालतो म्हणून तुला मिळतं, लेका."

"मग घाल की! हाके घालायलाच जन्म तुझा," वेंडेल म्हणाला आणि खदखदून हसला. मीही हसले, पण डोळ्यांसमोर ते रान आलं. आठ-दहा माणसं रानात, एकमेकांना दिसावं म्हणून सगळ्यांच्या अंगावर नारिंगी बंड्या, आणि नाक्यावर हा. मागे झाडाआड कुणी नाही.

लाकडं आणायच्या निमित्तानं आम्ही दोघं बाहेर आलो.

"सांगावं लागेल," ऑरिन म्हणाला.

"मग सांग."

"मी का? तुझं ऐकतो तो."

"म्हणजे वाईटपणा माझ्या माथी? युक्ती तुझी होती, ऑरिन. तेव्हा मोठा शहाणा झाला होतास."

"गोळ्या तुझ्या होत्या," तो म्हणाला. थंडीत तोंडातून वाफा सोडत आम्ही भांडलो आणि शेवटी भित्र्यांचा निर्णय घेतला. उद्याचा हाका नेहमीसारखा होऊ द्यायचा, दुपारी जेवताना दोघांनी मिळून सांगायचं आणि बंदूक मागून घ्यायची.

सकाळी दलदलीवर करडं आभाळ टेकलं होतं. वेंडेल त्याच्या जागी बसला, मी मागे. लांबून ऑरिनची आरोळी यायला लागली, मग फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि देवदारांतून नर बाहेर पडला. चांगला पोसलेला, रुंद शिंगांचा. मोकळ्या जागेत येऊन तो थबकला.

वेंडेलनं मान तिरकी केली. कोंबडी दाणा बघते तशी, एका डोळ्याच्या कडेनं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसानं वर्षभर घरी बसून हे शिकून घेतलंय. त्याला नर दिसत होता, अगदी नीट दिसत होता.

मी बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. नराच्या खांद्यामागे, बर्चच्या बुंध्याशेजारी, नारिंगी बंडी होती. ऑरिन वाट सोडून पुढे आला होता. माझं बोट चापावरून निघालं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत वेंडेलचा बार निघाला.

नर जागेवर कोसळला. रानातून "वेंडेलचा!" आलं नाही. काहीच आलं नाही.

मी धावले. गुडघाभर बर्फात पडत उठत गेले, आणि जाताना एकच विचार डोक्यात होता, की हे मी केलंय. ऑरिन बुंध्याशी बसला होता. गोळी नराच्या फासळ्यांतून आरपार जाऊन त्याच्या डोक्याशेजारी लाकडात शिरली होती. गालात सालीच्या ढलप्या घुसून रक्त गळत होतं.

"व्हर्ना," तो म्हणाला, "मी जिवंत आहे ना गं?"

मी त्याला छातीशी धरलं. मागून वेंडेल धापा टाकत आला. नराला हात लावून, शिंगं चाचपून, पोरासारखा खूश झाला होता.

"अरे, ओरडलात कसे नाही कुणी? माझाच ना? कसला नेम धरला होता मी! आणि तू काय बसलायस असा? दमलास का म्हाताऱ्या?"

तो ऑरिनच्या तोंडाकडे सरळ बघत होता. त्याला रक्त दिसत नव्हतं.

दुपारपर्यंत थांबायची गरज उरली नाही. ऑरिननं त्याचा हात धरला आणि बुंध्यातल्या भोकात त्याचं बोट घातलं. मग तेच बोट आपल्या गालावर ठेवलं. आणि मग जे नीट, प्रेमानं, दोघांनी मिळून सांगायचं ठरवलं होतं ते तो एकटाच ओरडत बोलला. डोळ्यांबद्दल, इर्माच्या फोनबद्दल, माझ्या झाडाआड उभं राहण्याबद्दल. "एकही तुझा नव्हता! दोन्ही हिनं मारले! आणि त्यांच्या जोरावर तू जावयाच्या टोळक्यातल्या पोरांना मारायला निघालायस!"

 बोटाला लागलेलं रक्त वेंडेलनं बंडीला पुसलं.

"म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

"नाही रे," मी म्हणाले. "आम्हा तिघांनाच, इर्मा धरून."

"तिघं म्हणजे माझं सगळं गावच झालं," तो म्हणाला. त्यानं बंदूक रिकामी केली आणि माझ्या हातात दिली. मागावी लागली नाही.

"वेंडेल, पण आजचा तुझा आहे. मी बार काढलाच नाही. माझी नळी हुंगून बघ, थंडगार आहे."

"पुरे, व्हर्ना."

"अरे, ऑरिनला विचार. एकच बार झाला."

"मी एकच बार ऐकला," ऑरिन म्हणाला.

"मागच्या दोन्ही वेळीही मी एकच ऐकला होता," वेंडेल म्हणाला, आणि खोपटाकडे चालू लागला. मधेच एका झुडपाला धडकला. आम्ही कुणी हात द्यायला धजावलो नाही.

ऑरिनच्या गाडीत तो बसणार नव्हता. मी तरी कुठली सज्जन, पण तिसरी गाडी नव्हती, म्हणून माझ्या गाडीत बसला. नर मी मागे टाकून घेतला, कारण तो वेंडेलचा होता. घर येईपर्यंत वेंडेल खिडकीकडे तोंड करून बसला होता. एकदा मला वाटलं रडतोय. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याच्यापुढे इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

इर्मा अंगावर कोट ओढत बाहेर आली आणि गाडीच्या मागे बघून तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. "बाई गं! केवढा हा! वेंडेल, तिसरा!"

"माझा नाही," तो म्हणाला, आणि कठडा चाचपत पायऱ्या चढून आत गेला. दार लागलं.

मी इर्माचे दोन्ही हात धरले. "इर्मा, ऐक. हा त्यानं मारलाय. खरंच त्यानं. मी चाप ओढलाच नव्हता. लेस्टरची शपथ."

इर्मानं माझे हात प्रेमानं थोपटले, दर वर्षी थोपटायची तसेच.

"आता कशाला हे नाटक, व्हर्ना?" ती हळूच म्हणाली. "तो आत गेला."