कातरणी खेळात बसली

आत्याने मेंढी गुडघ्यांत उताणी धरली होती आणि कातर पोटावरून चालली होती, तेवढ्यात गावचा पुढारी आला. पुढच्या वर्षापासून ओढ्याकाठचं मैदान कातरणीला मिळणार नाही, म्हणाला. आत्याने मान वर केली नाही. कातर चालू असताना मान वर करणारा लोकर सोडून कातडंच सोलतो, हे तिला बापाने शिकवलं होतं. सख्खी आत्या ती कुणाचीच नव्हती, पण गाव तिला आत्याच म्हणे. गावातली निम्मी मेंढरं तिच्याच हाताखालून जात.

मैदान म्हणे खेळांसाठी राखून ठेवणार. जो खरा खेळ असेल त्याला दिवस मिळतील, बाकीच्यांनी आपली सोय बघावी. सोय कसली बघता? मेंढी ओढ्यात धुवायची, गवतावर वाळवायची आणि तिथंच कातरायची. दुसरीकडे नेली की धुळीत लोळते आणि लोकर मातीमोल होते.

म्हणून आत्या बैठकीला गेली. शाळेच्या खोलीत मास्तरांनी फळ्यावर 'खेळ म्हणजे काय' असं लिहून ठेवलं होतं. पुढचा तासभर जे चाललं ते ऐकून तिला शिसारी आली. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा चालवायच्या शर्यतीला चार दिवस मिळाले, कारण पुढाऱ्याचा जावई तिच्यात पहिला येतो. खेळात घाम गाळावा लागतो, असं मास्तर चाचरत म्हणाले. त्यावर जावई म्हणाला, भर उन्हात त्या सीटवर बसून बघा, घाम कुठून कुठून येतो ते. मग पत्ते कुटणाऱ्यांनीही डोक्याला घाम येतो म्हणून अर्धा दिवस पदरात पाडून घेतला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

"मग कातरणीनं तुमचं काय घोडं मारलंय?" आत्याने विचारलं.

"ते काम आहे, आत्या," पुढारी म्हणाला. "कामाला खेळ कसं म्हणायचं?"

"आम्ही पैज लावतोच की. कुणाची मेंढी आधी मोकळी होते ते बघतो. पण मेंढीला ओरखडा आला तर कातरणारा बाद, मग तो कितीही लवकर उरको."

मास्तरांना पटलं. नियम आहे, हारजीत आहे, घाम तर आहेच. फक्त ते ओरखड्याचं काढा, म्हणाले. लांब बसलेल्याला ओरखडा दिसत नाही, आणि खेळ बघणाऱ्याला कळला पाहिजे. जो आधी उठला तो जिंकला.

आत्या गप्प बसली. तिला मैदान हवं होतं.

किती दिवस द्यायचे ते ठरवायला आधी एक शर्यत ठेवली, तिला सगळा गाव लोटला. आत्याच्या समोर तिचा धाकटा दीर होता. त्याचा हात भारी चपळ, पण त्या हातात आत्याने आजवर साधं कोकरूसुद्धा दिलं नव्हतं. शिट्टी झाली. काखेतल्या सुरकुतीशी आत्याचा हात सवयीने संथ झाला, तसे लोक तिला हसू लागले. पलीकडे टाळ्या वाजत होत्या. तिने आयुष्यात पहिल्यांदा काम चालू असताना मान वर केली. दिराच्या मेंढीचा कान अर्धा लोंबत होता आणि मांडीवरची लोकर लाल झाली होती.

आत्याने कातर खाली ठेवली.

"भाऊजी, थांबा."

"वहिनी, खेळात असं चालायचंच," दीर म्हणाला आणि उरलेली पाठ दोन फटक्यांत उरकून उठला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. आत्याची अर्धी कातरलेली मेंढी गर्दीत शिरली, तिला बघून माणसं पोट धरून हसली. आत्याला स्वतःचीच किळस आली. बैठकीत ओरखड्याच्या नियमासाठी तोंड उघडलं असतं तर हे झालं नसतं.

ती सुई-दोरा घेऊन जखमी मेंढीपाशी बसली. पुढारी खूश होऊन आला.

"तुमचं खरं निघालं, आत्या. असा खेळ गावानं पाहिला नव्हता. तुम्हाला आठ दिवस दिले."

"मला कातरायला द्या. हे खेळणं नको."

"कामासाठी मैदान मिळत नाही, ठरलंय ना?" बुटाला लागलेलं रक्त गवतावर पुसत तो म्हणाला. "एक मेंढी फार लवकर संपते हो. पुढच्या वर्षी एकेकाला पाच देऊ."

तो गेला. आत्याने मेंढीचा कान बोटांत धरला.

"थांब बाई," ती म्हणाली, "अजून दोन टाके."